जुन्या पिकअपचे दुखणे : आधी निदान, मग खर्च

घाटंजी तालुक्यातील शेतमालाची ने-आण आता बैलगाडीवर राहिलेली नाही. कापूस जिनिंगकडे न्यावयाचा, सोयाबीन व तूर बाजार समितीच्या आवारात पोचवावयाची, खताची पोती व बियाणे शेतावर आणावयाचे, या सर्व कामांस ट्रॅक्टर आणि पिकअप यांचाच आधार आहे. त्यांतील पुष्कळशा पिकअप जुन्या आहेत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती आलेल्या आहेत. अशा गाडीचे इंजिन बिघडले म्हणजे शेतकरी ज्या रीतीने खर्चात पडतो, ती रीत आमच्या मते चुकीची आहे, आणि ती बदलणे आपल्याच हाती आहे, हे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

नेहमीचा प्रकार असा असतो. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, किंवा चढावर दम सोडते. मालक गाडी मिस्त्रीकडे नेतो. मिस्त्री दोन वेळा सेल्फ मारून पाहतो आणि म्हणतो, नोझल गेले असतील. नोझल बदलले जातात. फरक पडत नाही. मग पंप उघडला जातो. तरीही फरक पडत नाही. शेवटी 'कंप्रेशन डाऊन आहे, हाफ इंजिन करावे लागेल' असा निकाल मिळतो. इतके सर्व झाल्यावर एखाद्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात येते की, टाकीपासून पंपाकडे येणाऱ्या रबरी नळीस बारीक चीर पडली होती व तीतून हवा शिरत होती. दुखणे चार बोटे नळीचे, आणि औषध साऱ्या इंजिनास! २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ८,११० रुपये ठरला आहे. दुरुस्तीचे बिल रुपयांत न वाचता ते कापसाच्या क्विंटलांत मांडून पाहावे, म्हणजे निदानावाचून केलेल्या खर्चाने घरातले किती बोंड फुकट गेले हे तत्काळ ध्यानात येते.

आपल्या गोठ्यातील बैल आजारी पडला तर आपण असे वागत नाही. त्याने वैरण सोडली काय, रवंथ करतो काय, नाकपुडी ओली आहे की कोरडी, शेण कसे पडले, हे सर्व पाहूनच आपण पशुवैद्यास बोलावतो, आणि वैद्यही हेच प्रश्न प्रथम विचारतो. इंजिनही आपली प्रकृती सांगत असते. त्याचा धूर, त्याचे तेल, त्याचे पाणी आणि त्याचा आवाज ही चार लक्षणे कोणत्याही शेतकऱ्यास वाचता येण्यासारखी आहेत. त्यासाठी यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. क्रम मात्र लागतो.

प्रथम तत्त्व समजून घ्यावे. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली जे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्याचा गाभा आजही तोच आहे. त्यात ठिणगी नसते. सिलिंडरात घेतलेली हवा पिस्टन दाबून सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत आणतो. त्या दाबाने हवा पाचशे अंशांहून अधिक तापते, आणि तीत तुषाररूपाने सोडलेले इंधन आपोआप पेट घेते. यावरून असे निघते की, डिझेल इंजिनास मूलतः चारच गोष्टी हव्यात : पुरेशी स्वच्छ हवा, हवेचा व पाण्याचा अंश नसलेले इंधन, पुरता दाब, आणि इंधन सोडण्याची अचूक वेळ. सुरू होताना पाचवी गोष्ट लागते, ती म्हणजे इंजिन पुरेशा वेगाने फिरविणारी बॅटरी व सेल्फ. गाडीचा बिघाड कितीही गूढ वाटला तरी तो या पाचांपैकी कशात तरी असतो. निदान म्हणजे या पाचांपैकी कोणत्या निर्दोष आहेत हे एकेक करून सिद्ध करणे, आणि जी उरेल तिच्याकडे वळणे. हे काम स्वस्त तपासणीकडून महाग तपासणीकडे जावे; उलट दिशेने कधीही जाऊ नये.

गाडी सुरूच होत नसेल, तर पहिली शंका बॅटरीची घ्यावी. साधा मल्टिमीटर प्रत्येक ट्रॅक्टर-पिकअपवाल्याच्या घरी असावा असे आमचे मत आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी पूर्ण भरलेली असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ दाखविले तर ती जवळपास अर्धी रिती समजावी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल, तर बॅटरी दुबळी आहे किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त प्रवाह खातो आहे. बॅटरीच्या टोकांवर आकडा ठीक आणि सेल्फच्या टोकावर बराच कमी आला, तर दोष वायरीत, गंजलेल्या चिमट्यात किंवा इंजिन व चेसिस यांस जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत आहे. ही पट्टी चिखलापाण्याने कुजते आणि पुष्कळदा तिच्या दोषाबद्दल निरपराध सेल्फला शिक्षा भोगावी लागते. गाडी सुरू असता बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट आले नाहीत, तर अल्टरनेटर बॅटरी भरीत नाही हे उघड होते.

सेल्फ जोराने फिरतो, तरी इंजिन पेटत नाही, अशा वेळी धुराड्याकडे पाहावे. मुळीच धूर येत नसेल तर इंधन सिलिंडरापर्यंत पोचत नाही. पांढरा, डोळ्यांस झोंबणारा धूर येत असेल तर इंधन पोचते पण पेटत नाही; अर्थात दाब, उष्णता किंवा वेळ यांत उणे आहे. २००५ साली बाजारात आलेल्या टाटा एससारख्या दोन सिलिंडरांच्या जुन्या गाड्यांत इंधन प्रथम उपकक्षात पेटते, सबब थंडीत हीटर प्लगची मदत लागते. मार्गशीर्ष-पौषात सकाळी रुसणारी आणि दुपारी निमूट सुरू होणारी अशी गाडी दिसली, तर पंपाला हात लावण्यापूर्वी हीटर प्लग व त्याचा रिले तपासावा.

इंधनाच्या मार्गाविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीवर चालते. तेथून पुढची दाबावर. दाबाच्या बाजूस छिद्र पडले तर डिझेल बाहेर गळते आणि डोळ्यांना दिसते. ओढीच्या बाजूस छिद्र पडले तर काहीच गळत नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. म्हणून नळी कोरडी दिसते तेवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर हातपंप मारल्याशिवाय सुरू न होणे हे या दोषाचे ठळक लक्षण होय. पडताळा सोपा आहे. पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडून तीतून बुडबुडे जातात काय ते पाहावे. अथवा स्वच्छ डिझेलचा डबा पंपाहून उंच ठेवून त्यातून थेट पंपास इंधन द्यावे. त्यावर इंजिन नीट चालले तर पंप व नोझल दोन्ही सुटले, दोष टाकी ते पंप एवढ्याच अंतरात उरला. अर्ध्या तासाच्या या परीक्षेने पंप उघडण्याचा खर्च वाचतो.

पाण्याविषयीही तसेच. ज्यांच्या शेतावर डिझेल पिंपात साठविलेले असते, त्यांच्या पिंपात पावसाळ्यात दमट हवेचे पाणी होऊन तळाशी बसते. फिल्टरखालची तोटी सोडून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घ्यावे व थोडा वेळ निवांत ठेवावे; पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसेल. पंपाचे व नोझलचे भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात. पाण्याने ते गंजतात, आणि रॉकेल मिसळले असता वंगण कमी होऊन झिजतात.

गाडी सुरू होते, पण 'मिस मारते', म्हणजे एक सिलिंडर काम करीत नाही, असा संशय असेल तर जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनावर एक परंपरागत परीक्षा आहे. इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीची चावी क्षणभर सैल करावी. ज्या नळीने इंजिनाचा सूर बदलतो ते सिलिंडर काम करीत होते; ज्या नळीने सूर बदलत नाही तेच आळशी. मग त्या सिलिंडराचे नोझल शेजारच्याशी अदलाबदल करून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल वाईट. जागच्या जागी राहिला तर व्हॉल्व्ह किंवा रिंग यांकडे पाहावे. चारही नोझल एकदम बदलण्याचे कारण उरत नाही. परंतु येथे आम्ही वाचकांस कळकळीने बजावतो की, ही परीक्षा कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनावर कदापि करू नये. त्या नळ्यांत वातावरणाच्या हजारपटीहूनही अधिक दाब असतो. तेथील बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते आणि हात गमावण्याची पाळी येते. आपली गाडी कोणत्या पद्धतीची आहे हे ठाऊक नसेल, तर नळ्यांस हातच लावू नये.

धुराच्या रंगाविषयी लोकांत बरीच अर्धवट समजूत आहे. काळा धूर म्हणजे इंजिन गेले असे नव्हे. इंधनाच्या मानाने हवा कमी पडली एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि कापसाची रुई ही दोन हवेची मोठी शत्रू आहेत. एअर फिल्टर गच्च भरला, की काळा धूर, कमी ताकद आणि जास्त डिझेल ही तिन्ही लक्षणे एकदम दिसतात. कागदी फिल्टर आपटून झटकल्याने फाटतो, व फाटलेल्या फिल्टरातून गेलेली माती बोअर घासून काढते. तो बदलणेच श्रेयस्कर. फिल्टर स्वच्छ, माल बेताचा, तरी काळा धूर येतो, तेव्हा नोझल ठिबकत असल्याचा संशय घ्यावा. निळसर धूर हा तेल जळत असल्याचा; पण टर्बो असलेल्या गाडीत ते तेल टर्बोच्या सीलमधूनही येते, म्हणून एकट्या निळ्या धुरावरून रिंग-पिस्टनचा निकाल देऊ नये. पांढरा धूर गाडी तापल्यावरही टिकतो आणि रेडिएटरचे पाणी रोज घटते, तेव्हा हेड गास्केटमधून पाणी सिलिंडरात जात असल्याची शक्यता मोठी असते.

रिंग झिजल्या आहेत की काय, याचा अंदाज घेण्याचा बिनखर्ची मार्ग असा. तापलेले इंजिन मंद चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण काढावे व ते उलटे करून तोंडावर नुसते ठेवावे. थोडा वाफारा सर्वच इंजिनांत असतो. पण झाकण नाचू लागले किंवा उडाले, तर सिलिंडरातील दाब रिंगांच्या बाजूने खाली निसटत आहे. त्यानंतरच कंप्रेशन गेज लावावा. त्याचे आकडे कंपनीच्या पुस्तकाशी ताडून पाहावेत, आणि सिलिंडरा-सिलिंडरांतील फरकही पाहावा. शेकडा दहा-पंधरांहून अधिक फरक असेल तर जे सिलिंडर मागे पडले तेथेच दोष आहे. आमचा आग्रह एवढाच की, गेजचा आकडा कागदावर लिहून मिळाल्याशिवाय कोणीही इंजिन खोलू देऊ नये. 'कंप्रेशन डाऊन' हे मत आहे; आकडा हा पुरावा आहे.

गाडी तापण्याची तक्रार आपल्या उन्हाळ्यात सार्वत्रिक. येथेही आधी साधे पाहावे. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत रुई आणि धूळ यांचा लगदा बसतो. तो इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूकडे, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने, पाण्याच्या बेताच्या धारेने धुवावा. पंख्याचा पट्टा, पाण्याच्या नळ्या, रेडिएटरच्या झाकणाचे रबर ही नंतर. थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची जी चाल पडली आहे ती आम्हांस मान्य नाही. त्यावाचून इंजिन हिवाळ्यात नीट तापत नाही, त्यामुळे झीज वाढते. आणि काही इंजिनांत तर बगलेची वाट उघडी राहून पाणी रेडिएटराकडे कमी जाते व ते अधिकच तापते. थर्मोस्टॅट भांड्यातील पाण्यात बुडवून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशाच्या सुमारास तो उघडला तर चांगला, न उघडला तर बदलावा. थंड इंजिन सुरू करून उघड्या रेडिएटरात सतत बुडबुडे दिसले तर हेड गास्केटची शंका बळावते. तापलेल्या इंजिनाचे झाकण मात्र कोणीही उघडू नये. उकळत्या पाण्याने तोंड भाजते.

तेलाची काडी रोज पाहणारे थोडे, आणि पाहून अर्थ लावणारे त्याहून थोडे. तेल घटणे वाईट. पण तेल वाढणे त्याहून वाईट. तेल वाढले म्हणजे त्यात डिझेल किंवा पाणी मिसळते आहे. तेलास डिझेलचा वास आला, किंवा ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर गाडी त्याच जागी बंद ठेवावी; तशीच घाटंजीपासून यवतमाळपर्यंत हाकण्याचे धाडस केल्यास बेअरिंग गमावण्याची वेळ येते.

आणखी एक सूचना. गाडी ओढत नाही म्हणजे दोष इंजिनातच असतो असे नाही. सपाट जागी गिअर काढून रिकामी गाडी दोन माणसांना ढकलता आली पाहिजे. ढकलता येत नसेल तर ब्रेक आवळलेले आहेत. चाकाचा एखादा हब हातास चटका देण्याइतका तापलेला सापडेल. इंजिन गर्जते पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच घसरतो आहे. आणि गाडीच्या कागदावर जेवढा भार लिहिला आहे त्याच्या दीडपट माल भरून ती चढावर दम सोडते अशी तक्रार करणे, हे बैलास दुप्पट ओझे लादून तो बसला म्हणून चाबूक उगारण्यासारखेच होय.

यावर काहीजण म्हणतील, आम्ही शेतकरी. हे सर्व मिस्त्रीचे काम आहे. ते अर्धे खरे आहे. पाना फिरविण्याचे काम मिस्त्रीचेच, आणि आपल्याकडील अनेक मिस्त्री अनुभवाने कसलेले आहेत. परंतु आपण त्यांस पैसे कशाचे देतो, याचा विचार करावा. सुट्या भागांचे देतो, मजुरीचे देतो. तपासणीचे देत नाही. दोन तास विचार करून एक नळी बदलणाऱ्यास आपण नळीचे पैसे देऊन निरोप देतो, आणि अविचाराने पंप बदलणाऱ्याचे बिल मुकाट्याने भरतो. मग कोणता मिस्त्री विचारात वेळ घालवील? दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. मोबदल्याच्या रीतीचा आहे, आणि ती रीत आपणच चालविली आहे.

दुसरा आक्षेप असा की, नव्या गाड्यांस संगणक असतो, तो स्कॅनर लावताच दोष सांगतो. स्कॅनर उपयोगी आहे, पण तो कोणत्या जागी तक्रार आहे एवढेच सांगतो; कोणता भाग बदलावा हे सांगत नाही. रेलचा दाब कमी असल्याचा कोड गच्च भरलेल्या फिल्टरमुळेही येतो आणि हवा घेणाऱ्या नळीमुळेही. कोड वाचून पंप बदलणे हे ताप मोजून शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप, जुनी गाडी विकून नवी घ्यावी. ज्यांस झेपेल त्यांनी अवश्य घ्यावी. पण कर्जाचा हप्ता दर महिन्यास येतो आणि कापसाचे पैसे वर्षातून एकदा, हे यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. २०२१ साली जाहीर झालेल्या वाहन भंगार धोरणाचाही भर मुख्यतः योग्यता तपासणीवर आहे, आणि मालवाहू गाडीस आठ वर्षांनंतर ती दरवर्षी करावी लागते. अर्थात जी गाडी नीट राखली तीच टिकणार. तरीही सर्व सिलिंडरांचा दाब गेला आहे, तेल जळते आहे आणि चेसिसही गंजली आहे, असे पुराव्याने ठरले, तर तिच्यात आणखी पैसा ओतू नये. हा निर्णयसुद्धा निदानावाचून घेता येत नाही.

तेव्हा करावे काय? आमच्या चार सूचना आहेत. पहिली, मिस्त्रीस तपासणीची फी वेगळी व आधी ठरवून द्यावी, मग दुरुस्ती त्याच्याकडे होवो की न होवो. आणि तपासणीत आलेले आकडे लिहून घ्यावेत. दुसरी, बदललेला प्रत्येक जुना भाग मालकाने परत मागून घ्यावा. तिसरी, प्रत्येक गाडीची एक वही ठेवावी. तीत तेल, फिल्टर, भरलेले डिझेल व किलोमीटर यांची नोंद असावी. प्रदूषण तपासणीच्या कागदावर धुराचा आकडा छापलेला असतो. तो कागद मुदत संपताच फेकून न देता वहीत चिकटवावा. दर वेळी वाढत जाणारा आकडा हा येणाऱ्या दुखण्याची वर्दी होय. चौथी व मुख्य सूचना शेतकऱ्यांच्या संस्थांस आहे. कंप्रेशन गेज, मल्टिमीटर, नोझल तपासण्याचा हातपंप आणि साधा स्कॅनर, एवढी सामग्री एकट्यास जड वाटली तरी संस्थेस जड नाही. आपल्या राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मेकॅनिक डिझेल हा व्यवसाय शिकलेले तरुण बाहेर पडतात. त्यांच्यापैकी एखाद्यास हाताशी धरून संस्थेने वर्षातून दोनदा, पेरणीपूर्वी ज्येष्ठात आणि कापूस वेचणीपूर्वी आश्विनात, तपासणीचे दिवस ठरवावेत. तेथे कोणताही भाग विकू नये. फक्त निदान लिहून द्यावे. ज्यास भाग विकावयाचा नाही त्याचेच निदान निःपक्षपाती असते.

जमिनीची माती तपासल्यावाचून खत टाकू नये, हे आता आपल्या शेतकरी बंधूंस पटत चालले आहे. इंजिनाच्या बाबतीतही तोच न्याय लावावा. हंगामाच्या ऐन दिवसांत भरलेली गाडी रस्त्यात उभी राहिली म्हणजे घाईने जो खर्च होतो, त्यातला पुष्कळसा ज्येष्ठातील अर्ध्या दिवसाच्या तपासणीने टळण्यासारखा आहे. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक सभासदाने निदान वही व मल्टिमीटर यांपासून तरी आरंभ करावा, आणि पुढील सर्वसाधारण सभेत तपासणीच्या सामग्रीचा ठराव मांडावा, अशी आमची विनंती आहे.